झाकणाआडची किल्ली

…छे गं, याला उशीर म्हणत नाहीत! ऑक्टोबरातलं मासे धरणं असंच – सकाळभर नुसती थंडी खायची, दुपारी ढग दाटले की पाण्यावर ती राखी पंखांची बारकी माशी उठते, मग कुठं ट्राउट मासे तोंड वर काढायला लागतात – आणि त्या ऐन वेळी माघारी कोण येतो? तुझे वडील नाही येणार, आणि माझा ड्वेन तर नाहीच नाही. बस अशी, गाडीच्या पायरीवर बस. थर्मासात कॉफी आहे अजून, कडू आहे पण गरम आहे. टेस ना तू? मघाशी नाव सांगितलंस आणि मी लगेच विसर– नाही, विसरले नाही. टेस. माझ्या सगळं लक्षात राहतं, दोघांचं मिळून राहतं म्हण. मी नेल्डा. तुझे वडील ज्या होडीत आहेत ना, ती वल्हवणारा माझा नवरा. आणि ही सफर तूच दिलीस ना वडिलांना वाढदिवसाला? छान केलंस. सकाळी निघताना भेटले होते मला, भला माणूस आहे – लहानपणी तळ्यात लाकडी होडी चालवायचो म्हणाले, मामाच्या गावी. ड्वेन हसला. म्हणाला, तळं म्हणजे पाळणा, ग्लेनराव, नदी म्हणजे नदी.

गाडी इथं कशी, होडी तर वर सोडली होती – असं विचारतेयस? अगं तेच तर माझं काम! सकाळी ही मंडळी वर होडी पाण्यात सोडतात, गाडी आणि ट्रेलर तिथंच लावतात, पेट्रोलच्या झाकणाआड किल्ली ठेवतात आणि जातात वाहून. मग कुणीतरी मला वर सोडायचं, मी झाकण उघडायचं, किल्ली घ्यायची, गाडी इथं खालच्या उतारावर, होडी बाहेर काढायच्या जागी, आणून लावायची – आणि किल्ली परत झाकणाआड. संध्याकाळी वाटाडे येतात, झाकणाआड हात घालतात, किल्ली तिथं असते. नदीवरच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे किल्ल्या कुठं असतात, पण आजवर एक गाडी हलली नाही कुणाची. लोक म्हणतात, नेल्डा, तुला कंटाळा येत नाही का? कसला कंटाळा! नवरा सकाळी वर सोडून दिला की संध्याकाळी नदी आपोआप खाली आणून देते. असा नवरा कुणाला मिळतो?

ते लाल ब्लँकेट? ते – वाळत घातलंय. झुडपावर घातलं की वारा लागतो. …हो, ओलं नाहीये, खरंय तुझं. उन्हाला घातलंय मग. ऊन नाहीये तर नाहीये, सकाळी होतं! काय गं, वकिलाची मुलगी आहेस का तू? …दातांची डॉक्टर. तरीच. उपटून काढायची सवय.

ड्वेनबद्दल काय सांगू तुला. हा उतार, ती वरची खडकाची भिंत, मधलं रेतीचं बेट – या मोंटानातल्या नदीचा दगड न् दगड त्याला पाठ आहे. होता. आहे! आणि ताठा केवढा – आयुष्यभर गळाला पिसं बांधून खोट्या माश्या केल्या, पण स्वतःच्या नाकावर एक बसू दिली नाही. त्याच्या वल्ह्यांना तर कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही, बरं का, इतक्या वर्षांत. एकदा कुणी शिकागोचा साहेब गंमत म्हणून वल्हं ओढायला सरसावला, तर याने होडी काठाला लावली आणि म्हणाला, साहेब, तुम्ही असं करा, तुम्ही चालत या. आणि आणलान की चालत! आणि दुसरं म्हणजे गिऱ्हाईक होडीत असताना स्वतः गळ टाकायचा नाही. पुढच्या खुर्चीवर गिऱ्हाईक, मधे वाटाड्या, वल्ही त्याची, मासा गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी नाही. मासा तुमचा, नदी माझी, असं म्हणायचा.

मघाशी ती हिरवी होडी आली ती कर्टिसची. तोही वाटाडाच, ड्वेननेच शिकवलेला. …काय म्हणाला माझ्या कानात? काही नाही, वाटाड्यांचं आपलं काहीतरी. त्याने बघितलं म्हणे यांना, बेटापाशी नांगर टाकून उभे होते, ड्वेनने हात केला. झालं तर मग! बेट म्हणजे इथून फार लांब नाही. …अगं नुसतं उभे होते म्हणजे काय, मासे धरत असतील. – नव्हते धरत? तसं म्हणाला का तो तुझ्यादेखत? तुझे कान फार तिखट आहेत, पोरी. बरं, ऐक मग. ड्वेनने त्याला विचारलं म्हणे, अरे कर्टिस, आपला उतार डाव्या हाताला की उजव्या? आणि कर्टिस हसला. ड्वेन थट्टा करतो ना, फार करतो. थट्टाच असणार. कर्टिस हसत होता मला सांगताना – म्हणजे आधी हसत होता.

थट्टा म्हणशील तर किल्लीची ऐक. या नदीवर एकच गुन्हा आहे, तो म्हणजे किल्ली खिशात घेऊन होडीत बसणं. मग गाडी वरच राहते, माणूस खाली येतो, आणि पाणी काही त्याला परत वर नेत नाही. नव्या पोराकडून एकदा होतं, मग सगळे त्याला वर्षभर चिडवतात – त्याला टोपी उलटी घालायला लावतात. या उन्हाळ्यात ड्वेनकडून झालं. ड्वेनकडून! सगळी नदी हसली. त्यानेही टोपी उलटी घातली, मीपण हसले, फोटोसुद्धा काढला गं. मग पंधरा दिवसांनी परत झालं. तेव्हा हसायला मी एकटीच होते, बाकीचे निघून गेले होते. मग तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी कुणाला कळूच दिलं नाही, कारण तोवर ही – ही बघ, गळ्यात – दुसरी किल्ली करून घेतली होती मी. माळेसारखी घालते. तो वर किल्ली ठेवो न ठेवो, गाडी खाली येते, आणि मी झाकणाआड ही किल्ली ठेवते, तो हात घालतो, किल्ली मिळते, खूश होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. यात कुणाचं काय बिघडलं, सांग ना तू?

आज मात्र ठेवली होती त्याने. अगदी जागच्या जागी. मी झाकण उघडलं आणि किल्ली बघून रडलेच तिथं, वेडी कुठली. म्हटलं बरा आहे. आजचा दिवस बरा आहे.

कसला आवाज? पानं असतील, कॉटनवूडची पानं वाळली की असाच आवाज करतात. …सारखा येतोय, हो. वारा सारखा आहे. बाई गं, पानं नाहीत ती, बंधारा आहे. तो पूल दिसतो ना, त्याच्या पलीकडं, शेतकऱ्यांनी कालव्याला पाणी वळवायला घातलाय. त्यावरून होडी गेली की उलटतेच, म्हणून होड्या त्याच्या आधी, इथंच काढायच्या असतात. सगळ्यांना माहीत असतं. …चुकला तर? चुकत नाही कुणी. – चुकायला नको म्हणून तर ते ब्लँकेट. झालं समाधान? लाल रंग त्याला लांबून दिसतो. लाल दिसलं की तो होडी वळवतो. मी काही त्याला सांगितलेलं नाही, की बाबा रे ब्लँकेट बघ आणि वळ – असं कोण सांगेल ड्वेनला? मी नुसतं टाकते. तोही विचारत नाही. रोज विचारत नाही, की नेल्डा, तुझं ब्लँकेट रोज कसं काय ओलं होतं.

नको. फोन नको. शेरीफला फोन म्हणजे काय माहितीये? दिवे लावून गाड्या येतात, जेट लावलेली बोट येते, आणि उद्या सकाळी पाव आणायला गेलं की दुकानात सगळे गप्प होतात. परवाना जातो तो जातोच. अगं आजचा शेवटचा दिवस आहे त्याच्या हंगामाचा, उद्यापासून होडी घरात ठेवायची, ताडपत्री टाकायची, मग हिवाळाभर मी हळूहळू सांगणार होते त्याला. ठरवलं होतं सगळं. शेगडीपाशी बसून सांगणार होते. तुला नाही कळणार – घरात तो माझ्या बहिणीचं नाव विसरतो, दुधाची बाटली कपाटात ठेवतो, परवा मला म्हणाला, बाई, तुम्ही फार चांगला स्वयंपाक करता. बाई! पण होडीत बसला की, पोरी, तो ड्वेनच असतो. हात विसरत नाहीत. कुठला दगड कुठं आहे ते हातांना माहीत असतं, त्याला स्वतःला माहीत नसलं तरी. म्हणून तर सोडते. मी काय मूर्ख आहे? …तुझे वडील आहेत त्यात, हो, माहितीये मला. माझाही माणूस आहे ना त्यात.

त्या खडकावर अंधारायला लागलं की जा फोन करायला. तेवढं थांब. इथं तसाही लागत नाही फोन, वर रस्त्यात गुरं अडवायला लोखंडी जाळी घातलीये, तिच्यापाशी जावं लागतं. कॉफी घे ना अजून. – कुठं निघालीस? तिथं काही नाहीये. टेस, हौद्यातल्या त्या ताडपत्रीखाली काही नाहीये, गाडीचं सामान आहे, दोर आहेत, मी सांगते ना – हात नको लावूस –

…

हो. लाइफ जॅकेटंच आहेत ती. दोन्ही आहेत. त्याचं पण, तुझ्या वडिलांचं पण.

ओरड, ओरड तू. तुला हक्क आहे. कुणाला सांगितलं म्हणजे? कुणाला सांगणार? दुपारी किल्ली बघून रडत बसले होते ना, ते डोळे पुसून मागं बघते तर गाडीच्या हौद्यात ही दोन. सकाळी गाडीतून काढून होडीत टाकायचीच राहिली. म्हटलं वाटेत मधला पूल आहे, तिथं थांबते, ते पुलाखालून जायच्या आत पोचते, वरून टाकते. आणि पोचले होते गं मी! वेळेत पोचले होते. पण पुलावर लोक उभे होते, कर्टिसची बायको होती, तीही गिऱ्हाइकं नेते, ती तिची माणसं होती, सगळे गळाच्या काठ्या घेऊन खाली बघत होते – आणि पुलावरून मी जॅकेटं टाकायची म्हणजे ड्वेन जॅकेटं विसरला हे ओरडून सांगायचं. गाडी थांबवली नाही मी. हात हलवला सगळ्यांना. हसले, आणि पुढे आले. वर ताडपत्री टाकली. आपलेच दात आपलेच ओठ, असं म्हणत आले वाटभर. तुझ्या वडिलांचा विचार – आला होता. खरं सांगते, आला होता. पण ड्वेनचा आधी आला.

रडू नकोस. किंवा रड. मी काय सांगणार तुला. जा, तुझी गाडी काढ, जाळीपाशी जा आणि लाव फोन. सांग की एक म्हातारा वाटाडा आहे, त्याला रस्ता आठवत नाही, आणि त्याच्या बायकोला हे माहीत होतं. असंच सांग. माझं नाव सांग – नेल्डा. शेरीफ ओळखतो मला, त्यालाही ड्वेननेच पहिला मासा धरायला शिकवलंय. जा लवकर. मी इथं थांबते, होडी आली तर पाण्यात शिरून धरते, मला पोहता येतं – जा म्हणते ना, उभी काय –

थांब.

चूप, जरा चूप. ऐकू आलं? वल्ह्यांचा आवाज. वळणापलीकडून. बंधाऱ्याचा नाही, तो सोडून दे, त्याच्या अलीकडचा – कुर्र, ठक्. कुर्र, ठक्. होडी आहे. आहे, आहे, होडी आहे!

…पण हे ड्वेनचे हात नाहीत.

अगं नाहीत म्हणजे नाहीत. तो दोनदा हलकं ओढतो आणि मग थांबतो, पाण्याला बोलू देतो जरा, मग एकदा लांब ओढतो. झोपेत ओळखेन मी. हे कुणीतरी एकसारखं ओढतंय, आणि वल्हं मधेच लाकडावर आपटतंय. त्याची वल्ही तो कधी आपटत नाही. टेस, वल्ही त्याच्या हातात नाहीत. मग तो कुठाय? मग कुठाय तो? तू बघ, तुझे डोळे चांगले आहेत, तू बघून सांग – नको, सांगू नकोस. थांब. मला धर जरा, इथं, कोपराला.

आली. बघ. उलटी येतेय होडी, पाठ पुढं करून – म्हणजे तुझे वडील आहेत, तळ्यातल्यासारखे ओढतायत, पाठमोरे, आणि मान वळवून वळवून बघतायत. ब्लँकेट बघतायत! दिसलं त्यांना. लाल दिसलं. शाब्बास, ग्लेनराव, ओढा, ओढा – आणि तो –

तो पुढच्या खुर्चीवर बसलाय.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. काठी आहे हातात. गळ टाकतोय गं तो. वर तोंड करून बसलाय, जिथून आले तिकडं बघत, आणि तो गळाचा दोर बघ कसा फिरवतोय हवेत, अजून तसाच – ऐकलंस? डावं ओढा म्हणतोय, डावं, ग्लेनराव, हळू! शिकवतोय तुझ्या वडिलांना. हसतोय. सबंध आयुष्यात गिऱ्हाईक असताना गळ टाकला नाही त्याने.

तुझ्या वडिलांनी हिसकावून घेतली असती वल्ही, तर तो असा बसला नसता. ड्वेनकडून कुणी हिसकावून घेत नाही, त्याने त्यांना पाण्यात फेकलं असतं. म्हणजे त्यानेच दिली. बेटापाशी नांगर टाकून उभे होते ना ते – तिथंच दिली असणार. कर्टिसला डावं-उजवं विचारलं, कर्टिस हसला, निघून गेला, आणि मग याने वल्ही काढून दिली तुझ्या वडिलांच्या हातात. त्याला माहितीये, टेस. ब्लँकेटपण माहीत असेल. मला वाटत होतं मी त्याच्यापासून झाकतेय.

नाही, ब्लँकेटसाठी माझे आभार मानू नकोस, वेड लागलंय का? मघाशी ओरडलीस तेच बरोबर होतं, तेच लक्षात ठेव. आणि जॅकेटांचं वडिलांना सांगायचं तर घरी गेल्यावर सांग, इथं नको. इथं नुसतं विचार, मासे मिळाले का. मिळाले नसतील तरी ते म्हणतील मिळाले. सगळे तसंच म्हणतात.

सरक जरा, मला झाकण उघडू दे. …ही ती किल्ली. सकाळी त्याने नीट ठेवलेली. आणि ही गळ्यातली. दोन्ही घेते मी, अशी, मुठीत. होडी काठाला लागली की तो सरळ इथं येईल, झाकण उघडेल आणि हात आत घालील. वर्षानुवर्षांची सवय आहे. मासे किती मिळाले ते नाही सांगणार आधी, आधी हात घालील. आज तिथं काही नसेल. आज गाडी मी चालवणार, आणि उद्या, आणि पुढंही. शेगडी वगैरे काही नाही, इथंच कळेल त्याला, या झाकणापाशी.

तुझ्या वडिलांना हाताला धरून उतरव, पाय आखडले असतील. आणि मग मागं न बघता जा. तो हात घालील ना आत, ते तू बघायचं नाही. कप राहू दे तिथंच. जा, टेस, जा बाई – आली होडी.